हाकोने, पाम बीच आणि टीवायनंतर थांबणारी पोरं

विटावा_लोकल (धागाकर्ता)

२ जानेवारीला पहाटे साडेचारला फोन वाजला. या वेळेला फोन म्हटलं की आधी गावाकडची म्हातारी माणसं डोळ्यांसमोर येतात. पण पलीकडे भाचा होता. "मामा, सुटली! बघतोयस ना?" पोरगा योकोहामाला नोकरीला आहे आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दरसाल असाच पिसाळतो. या खेपेला मी ऐरोलीच्या बाल्कनीत बसून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून, सकाळी दहापर्यंत सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. बायको म्हणाली, पहाटे उठायची एवढी हौस असेल तर दूध तरी आणा.

प्रकार असा आहे: हाकोने एकिदेन. एकिदेन म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले. टोकियोतल्या ओतेमाचीहून निघायचं, हाकोनेच्या डोंगरात आशी तळ्याकाठी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उलटा पळत यायचं. सगळं मिळून २१७.१ किलोमीटर. संघात दहा जण, पाच जाताना, पाच येताना, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धी मॅरेथॉन. पळणारे सगळे विद्यापीठांचे विद्यार्थी. बॅटन नसतं, कापडी पट्टा असतो, त्याला तासुकी म्हणतात. आपण जानवं घालतो तसा खांद्यावरून तिरका घालायचा आणि पुढच्या टप्प्यावर उभ्या असलेल्या पोराच्या हातात द्यायचा. १९८७ पासून हे टीव्हीवर थेट दाखवतात, दोन्ही दिवस, आणि आता तर अथपासून इतिपर्यंत.

भाचा घराजवळच्या तोत्सुका ठाण्यावर, म्हणजे पट्टा बदलायच्या जागेवर, जाऊन उभा होता. दुसरा टप्पा तिथे संपतो. २३ किलोमीटरचा, वाटेत गोंताझाका नावाचा चढ, म्हणून संघ आपला सगळ्यात तगडा गडी तिथे घालतात. एका पोराने पट्टा दिला, दोन पावलं धडपडला, मग मागे वळून ज्या रस्त्याने आला त्या रस्त्यालाच वाकून नमस्कार केला आणि आडवा झाला. ते बघून मला काय झालं ते इथे लिहीत नाही.

मी ९४ ते ९७ ठाण्यातल्या एका कॉलेजकडून ५००० मीटर आणि क्रॉस कंट्री पळालो. नाव लिहीत नाही, आता तिथले लोकही बदललेत. जिमखान्याच्या कपाटात स्पाइक्सचा एकच जोड होता, नऊ नंबरचा. माझा पाय सात. पुढे कापूस कोंबायचा. कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई कायम 'बँकेत गेलेत'. इंटर कॉलेजिएटला मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी पॅव्हेलियनवर पहिली लोकल पकडून जायचं, एकट्यानेच. साडेबारा फेऱ्या पळायच्या. बघायला कॉलेजचं कोणी नाही. सर्टिफिकेट घेऊन परत ठाणे, दुपारी प्रॅक्टिकल.

टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची, परीक्षा झाली आणि पळणं संपलं. संपवायचं असं ठरवलंही नव्हतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली, मग नोकरी लागली.

आता रविवारी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर जा. कमरेला बाटल्यांचे पट्टे लावलेले चाळिशीतले लोक शेकड्याने दिसतील (त्यात मीही आहे, ढेरीसकट). येऊरच्या चढावर तेच, खारघरला सेंट्रल पार्कात तेच. पण एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजच्या बनियनमधली पोरं? चार तरी दाखवा. ठाणे आणि नवी मुंबई, आपल्या दोन शहरांत एवढी कॉलेजं आहेत, मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर बाळकुमला आहे, मग धावण्याची परंपरा म्हणावी असं काही आपल्याकडे का झालं नाही? इथे कोणी झोनल, युनिव्हर्सिटी पळालेलं असेल तर लिहा. पुढे काय झालं तुमचं?

---

तलावपाळीकर

वाचनखूण साठवली. मी पळालो नाही, शाळेत लिंबू-चमचा एवढीच कारकीर्द. एक शंका: मागचा गडी फारच मागे पडला तर पुढचा तिथे उभाच राहतो का? रस्ता किती वेळ बंद ठेवणार?

---

विटावा_लोकल

@तलावपाळीकर, नेमकं तिथेच या शर्यतीचं काळीज आहे. पहिली दोन ठाणी सोडली तर पुढे बहुतेक ठिकाणी वीस मिनिटांची मुदत. पहिला संघ निघून वीस मिनिटं झाली की जे उरलेत त्यांना एकदम सोडून देतात. पहिल्या दोन ठाण्यांवर तर दहाच मिनिटं. पुढचा पोरगा मग बदली पट्टा घालून निघतो, आणि मागचा जीव तोडून येतो तेव्हा त्याच्या खांद्यावरचा खरा पट्टा घ्यायला समोर कोणी नसतं. कधी कधी पन्नास-शंभर मीटरने चुकतं. पुढचा सुटताना त्याला दिसत असतो.

आणि कोणी मध्येच बसला तर संघाचा निकाल गेला. बाकीचे पळतात, वेळही नोंदवतात, पण क्रमांक लागत नाही. २०१३ ला डोंगरात असा वारा सुटला की पाचव्या टप्प्यावर दोन विद्यापीठांची पोरं कोसळली. त्यातलं एक चुओ, सगळ्यात जास्त म्हणजे १४ वेळा ही शर्यत जिंकलेलं.

---

खडू_आणि_शिट्टी

नमस्कार. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे. सतरा वर्षं झाली. किल्ली, शिपाई, कपाट, सगळं मान्य. आता दुसरी बाजूही ऐका.

माझ्याकडे ज्युनिअर-सीनिअर मिळून तीन हजारांवर मुलं आणि मी एकटा. मैदान म्हणजे पार्किंगच्या मागची जागा. तिथे सरळ ६० मीटर पळता येतं, त्यानंतर थेट कँटीन. सेमिस्टर पॅटर्न आल्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरला परीक्षा, आणि इंटर कॉलेजिएटचं वेळापत्रक नेमकं त्याच्या आगेमागे. आईबाप येऊन विचारतात, सर, ग्रेस मार्क मिळतील ना? मिळतील म्हटलं की नाव देतात. मार्क मिळाले की मुलगा गायब. टेनिस क्रिकेटला मात्र बोलवावं लागत नाही. आमच्याकडे गावठाणागणिक स्पर्धा असतात, रात्री दिवे लावून, चषक माणसाच्या उंचीचा. आगरी-कोळी गावांतली पोरं काय चपळ असतात! पण ती सगळी तिकडे. दोष त्यांचा नाही. तिथे गाव बघायला येतो, शिट्ट्या वाजवतो, दुसऱ्या दिवशी नाक्यावर विषय निघतो. माझ्या ५००० वाल्याला कोण विचारतं?

तुम्ही एकटे लोकलने गेलात असं लिहिलंत. मीही आता चार पोरांना घेऊन जातो तेव्हा वडापाव माझ्याच खिशातून. रडगाणं म्हणू नका, हिशोब सांगतोय.

---

इफ्ली_ते_उपवन

सरांना मनापासून दाद. पण किल्लीवरून आठवलं म्हणून.

मी कामानिमित्त दोन वर्षं ऑक्सफर्डला होतो, तिथला इफ्ली रोडचा ट्रॅक मुद्दाम जाऊन बघितला. ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टरने इथेच मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदात संपवला. चार मिनिटांच्या आतला पहिलाच. हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो ट्रॅक तिथे आला कसा? आधी होता तो उंचसखल, तीन फेऱ्यांत एक मैल होणारा. बॅनिस्टर विद्यार्थी असताना विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा अध्यक्ष झाला आणि मागे लागून तो बदलून घेतला. चार वर्षांनी त्याच ट्रॅकवर विक्रम. तोवर तो लंडनला डॉक्टरकीच्या शेवटच्या टप्प्यात होता आणि त्या दिवशी विद्यापीठाच्या संघाविरुद्ध पळायला आला होता! सुरुवातीला पुढे राहून वेग देणारा ब्रॅशर केंब्रिजचा, नंतरचा चॅटवे ऑक्सफर्डचा. याच ब्रॅशरने पुढे १९८१ ला लंडन मॅरेथॉन सुरू केली.

म्हणजे तिथे क्लब मुलं चालवतात. अध्यक्ष, सचिव, वर्गणी, वेळापत्रक, सगळं त्यांच्याकडे. ऑक्सफर्ड-केंब्रिज सामना १८६४ पासून चालू आहे. केंब्रिजचा क्लब १८५७ चा. आणि मुंबई विद्यापीठ कधीचं? १८५७! वय तेच आहे हो. आपल्याकडे जिमखाना प्राध्यापकांच्या समितीचा, मुलं फक्त 'सहभागी'. किल्ली ज्याच्या खिशात, परंपरा त्याची.

---

अस्सल_घोडबंदर

झालं सुरू. आधी जपान, आता इंग्लंड. तिकडचं सगळं सोन्याचं.

तुमच्या त्या हाकोनेवर जपानमध्येच किती टीका होते ते पण लिहा की. वीस किलोमीटर रस्त्यावर पळायला एकोणीस वर्षांच्या पोरांना पिळून काढतात, पाय मोडतात, बाविसाव्या वर्षी संपतात. ट्रॅकवर, ऑलिंपिकला पुरुषांची पदकं किती आली हो त्यातून? आणि विद्यापीठांना यातून जाहिरात मिळते. पोरांच्या पायांवर अ‍ॅडमिशनचा धंदा.

आमचा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. कुठल्या विद्यापीठाचा पट्टा नव्हता त्याच्या खांद्यावर. सैन्यात गेला, तिथे पळायला लागला, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांची शर्यत) २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१. विद्यापीठाशिवायही होतं.

---

विटावा_लोकल

@अस्सल_घोडबंदर, टीका खरी आहे, लपवायचं काही कारण नाही. जाहिरातीचंही खरं. आओयामा गाकुइन विद्यापीठाने २००४ ला हारा सुसुमु नावाचा प्रशिक्षक आणला, तो त्याआधी वीज कंपनीत विक्रीचं काम करत होता. २००९ ला ते ३३ वर्षांनी हाकोनेत परत आले आणि २०१५ ते २०१८ सलग चार वेळा जिंकले. विद्यापीठाने पैसा ओतला तो काही नुसत्या खेळाच्या प्रेमापोटी नसणार.

पण साबळेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. सैन्यात काय मिळालं त्याला? रोज सकाळी उठवणारं कोणीतरी, बरोबर पळणारी चार पोरं, जेवण आणि वेळ बघणारा प्रशिक्षक. हे सगळं सैन्याने दिलं. कॉलेजने का देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

---

नेरूळची_आठशेवाली

इतके प्रतिसाद झाले आणि हाकोनेत मुली पळतच नाहीत हे एकानेही लिहिलं नाही. ती फक्त मुलांची शर्यत आहे. मुलींची विद्यापीठ एकिदेन वेगळी, सेंदाई शहरात होते. तिच्यासाठी कोणाचा भाचा पहाटे फोन करत नसणार.

मी ८०० पळायचे. २०११ ते १४. नेरूळहून पहाटे पाचला ज्वेल ऑफ नवी मुंबईत सराव, बरोबर बाबा सायकलवर. बाबांना नाइट शिफ्ट असली की सराव बंद. हे कुठल्या बजेटात बसतं सांगा. स्पर्धेच्या ठिकाणी कपडे बदलायला खोली विचारली की माणसं अशी बघायची की आपणच काहीतरी चूक केली. एकदा आम्ही तिघींनी आळीपाळीने चादर धरून कपडे बदललेत, आणि त्या तिघी तीन वेगवेगळ्या कॉलेजांच्या होत्या. हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) एकमेकींना कोपरं मारायची होती दहा मिनिटांनी!

त्या काळात आमची देवी म्हणजे साताऱ्याची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत तीनदा जिंकली आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आम्ही तिघी तिचे फोटो मोबाइलवर ठेवून फिरायचो. त्या दोघींशी आजही बोलणं आहे. कॉलेजशी नाही.

---

तलावपाळीकर

चादरीचं वाचून हसू आलं आणि लगेच थांबलं.

---

खाकी_स्वप्न

मी दिव्यात राहतो. वय २१. एसवायला आहे पण खरं सांगायचं तर पोलीस भरतीचं करतोय. तुम्ही विचारलं पोरं कुठेत, आम्ही आहोत ना. पहाटे पावणेपाचला या. आम्ही चौदा जण आहोत, पाच मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. १६०० मध्ये ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण २० मार्क. माझं सध्या ५:२६. ते १६ सेकंद मी आठ महिने शोधतोय.

आमचे सर म्हणजे मागच्या भरतीत पाच मार्कांनी राहिलेले एक दादा. फी घेत नाहीत. मैदानात खड्डे आहेत, पावसाळ्यात तर रोडवरच पळतो, बाजूने टँकर जातात. आमच्यात कोणाचंही कॉलेज सेम नाही. कॉलेजला माहीतही नाही आम्ही पळतो. मी पण कधी नाव दिलं नाही कारण नोटीस लागते ती ऑफिसच्या आत.

क्रॉस कंट्री म्हणजे किती किलोमीटर असतं? जमेल का मला?

---

खडू_आणि_शिट्टी

@खाकी_स्वप्न, जमेल बाळा. दहा किलोमीटर असतं आणि १६०० ला ५:२६ वाला मुलगा माझ्याकडे सतरा वर्षांत मोजके आले. उद्याच कॉलेजात जिमखान्याच्या सरांना गाठ. भेटले नाहीत तर मला व्यनि (खासगी निरोप) कर, मी बोलतो. पण डांबरावर रोज पळू नकोस, नडगी दुखायला लागली की दोन महिने गेले म्हणून समज. आणि रोज १६०० जीव खाऊन पळू नका रे. आठवड्यातून दोनदा ४०० चे तुकडे, मध्ये चालून दम घ्यायचा, बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश. तुझे १६ सेकंद त्या सावकाश पळण्यात लपलेत.

नोटीस ऑफिसच्या आत लागते हे मात्र लागलं मला. आमच्याकडेही तिथेच लागते.

---

विटावा_लोकल

काल रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो. एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हाकोने एकिदेन सुरू करणाऱ्यांत कानाकुरी शिझो हे मुख्य नाव. १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये उन्हाने कोलमडला, वाटेतल्या एका कुटुंबाने घरात घेतलं, आणि कोणाला न सांगता गडी परत गेला. स्वीडनमध्ये म्हणे तो हरवलेलाच धरला होता! १९६७ ला त्याला बोलावून ती शर्यत पूर्ण करून घेतली. वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

पहिली हाकोने फेब्रुवारी १९२० मध्ये झाली, चारच संघ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँटवर्पला ऑलिंपिक. मॅरेथॉनमध्ये कानाकुरी १६ वा आला. आणि १९ वा कोण? आपला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले! दोघांत फरक अवघा दोनेक मिनिटांचा. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत गावाकडची माणसं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी बघितली होती, आणि त्यातूनच ऑलिंपिकला पोरं पाठवायचं घाटलं.

तर १९२० ला त्यांचा माणूस आणि आपला माणूस एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर पळत होते. त्यांच्या माणसाने पोरांची शर्यत लावून दिली होती, ती २०२४ ला शंभराव्या खेपेला पळाली. आपल्या चौगुल्यांचं नाव मला काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी तीन वर्षं युनिव्हर्सिटीला पळालोय.

---

अस्सल_घोडबंदर

चौगुले मलाही नवीन. मान्य. पण पोस्टी टाकून काय होणार?

---

इफ्ली_ते_उपवन

मग करू या काहीतरी. ठाणे ते बेलापूर रिले. कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, रबाळे, महापे, तुर्भे, नेरूळ, उरण फाटा. पंचवीसेक किलोमीटर. पाच जण, पाच-पाच किलोमीटर.

---

नेरूळची_आठशेवाली

ठाणे-बेलापूर रोडवर? पहाटे कंटेनर असतात. आणि विटाव्याला रेल्वे पुलाखाली चार थेंब पडले तरी तळं होतं, तिथे पोहायला वेगळा गडी ठेवा. पाम बीचही नको, रिकामा रस्ता दिसला की लोक गाडीचं विमान करतात. डोंगरच हवा असेल तर खारघर.

---

अस्सल_घोडबंदर

खारघर लांब पडतं. येऊर घ्या. उपवनपासून वर गावापर्यंत जायचं, यायचं. एकाच रस्त्यावर चढ आणि उतार दोन्ही, तुमच्या जपानसारखं. उजाडल्यावर जायचं, अंधारात नाही, बिबट्याला एकिदेन समजत नाही.

---

विटावा_लोकल

टीका करता करता रस्ता पण देऊन गेलात की राव! ठरलं तर मग. येत्या रविवारी सकाळी साडेसहा, उपवन तलाव, घाटाच्या बाजूला. एक चढणार, एक उतरणार, अशा जोड्या. वेळ लावायला शिट्टीवाले सर. पट्ट्यासाठी माझ्याकडे ९६ सालची कॉलेजची सॅश आहे, उद्घाटनाच्या संचलनाला दिली होती, परत करायची राहिली. जांभळी आहे, थोडी कसर लागलीय. आत्तापर्यंत मी, आठशेवाली ताई, इफ्लीवाले आणि अस्सल (येणार ना?). तलावपाळीकर लिंबू-चमचा घेऊन येतायत.

---

तलावपाळीकर

मी चहा आणतो. ते जास्त झेपेल.

---

नेरूळची_आठशेवाली

मी येते. त्या दोघींनाही विचारलंय. एक डोंबिवलीहून येईल म्हणते, दुसरीचं बाळ सहा महिन्यांचं आहे, ती बघायला येईल. चढ मला द्या. उतारावर गुडघा बोलतो.

---

खाकी_स्वप्न

मी आणि अजून तिघे येऊ. पहिली लोकल पकडतो. आम्हाला कुठलाही टप्पा चालेल. फक्त काका, तुमच्याकडून पट्टा घ्यायला मी उभा असेन तर किती वाजता येता ते आधी सांगा, म्हणजे मी वॉर्मअप करून थंड पडणार नाही.

---

विटावा_लोकल

चढाला माझी पंचवीस मिनिटं धर. तीसच धर.